यहूदाचा बसालेल व दानाचा अहलियाब

शास्त्रभाग : निर्गम ३५:२० ते ३६:७



देवाने अमुक एका मनुष्यास आपल्या आत्म्याने भरले असे शास्त्रात वाचले, की तो मनुष्य राजा, संदेष्टा किंवा याजक असला पाहिजे अशी आपली सहज समजूत होते. परंतु निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात देव स्वतः मोशेला ज्याच्याविषयी ही गोष्ट सांगतो, तो ह्यांपैकी कोणीच नव्हता. तो कारागीर होता. सोने, रुपे व पितळ घडविणे, रत्ने कोंदणे, लाकूड कोरणे हे त्याचे काम. त्याचे नाव बसालेल. ज्या आत्म्याने पुढे संदेष्ट्यांच्या मुखातून भाषण केले, त्याच आत्म्याने ह्या मनुष्याच्या बोटांत कसब घातले. तेव्हा हाताची कला ही पोट भरण्याची केवळ युक्ती होय किंवा रिकाम्या वेळेचा विरंगुळा होय, असे मानण्यास शास्त्रात आधार नाही. ती देवाची देणगी आहे. आणि देवाची प्रत्येक देणगी ज्यास मिळते त्याच्या एकट्यासाठी नसते.

आजच्या ह्या भागातून आम्ही एकच गोष्ट आपल्यापुढे मांडू इच्छितो. ती ही, की देवाने मनुष्यास गाणे, घडविणे, विणणे व रंगविणे हे जे सामर्थ्य दिले आहे, ते विभागलेल्या लोकांस एका मांडवाखाली आणण्याचे साधन आहे. आणि ह्या साधनाचा आपण सदुपयोग करतो, दुरुपयोग करतो, की ते तसेच पुरून ठेवतो, ह्याचा हिशेब आपणांस द्यावा लागेल. हा विचार मांडताना आमच्या दृष्टीपुढे न्हावा-शेव्याचा किनारा आहे. का, ते पुढे स्पष्ट होईल.

प्रथम असे पाहा, की देवाने बसालेलास एकटे नेमले नाही. त्याच्या जोडीस अहलियाब दिला. बसालेल यहूदा वंशातला, अहलियाब दान वंशातला. गणनेच्या पुस्तकात इस्राएलांच्या कूचाचा क्रम सांगितला आहे, त्यात यहूदाचे निशाण सर्वांच्या पुढे व दानाचे सर्वांच्या मागे असे. म्हणजे अग्रभागी चालणाऱ्या वंशातून एक व पिछाडीस धूळ खात येणाऱ्या वंशातून एक, असे दोघे देवाने निवडले व एकाच मंडपाच्या कामास लाविले. रानातून चालताना ज्यांची तोंडे एकमेकांस दिसत नव्हती, त्यांचे हात एका पडद्याच्या विणीत एकत्र आले. हा योगायोग होय असे आम्हांस वाटत नाही. आपला निवास कोणा एका वंशाच्या हातचा नसावा, अशी देवाचीच योजना होती.

आणि काम दोघांवरच थांबले नाही. त्यांच्या अंतःकरणात दुसऱ्यांस शिकविण्याची बुद्धीही देवाने घातली, असे त्याच भागात सांगितले आहे. ज्या स्त्रियांचे हात कसबी होते त्यांनी निळे, जांभळे व किरमिजी सूत कातून आणिले. दुसऱ्यांनी बकऱ्यांचे केस कातले. कोणी कातडी आणिली, कोणी लाकूड, कोणी तेल. शेवटी कारागिरांनी मोशेकडे येऊन सांगितले की, लोक गरजेपेक्षा अधिक आणीत आहेत. तेव्हा आता पुरे, अशी दवंडी छावणीभर पिटावी लागली. भाकरीसाठी व पाण्यासाठी कुरकुरणारे हेच लोक! ज्यांस एकत्र आणावयास आज्ञा पुरली नाही, धाकही पुरला नाही, त्यांस सर्वांच्या हातांनी करावयाच्या एका सुंदर कामाने एकत्र आणिले.

आता आपल्या किनाऱ्याकडे या. न्हावा व शेवा ही दोन गावांची नावे. आज ती नावे जोडून उच्चारली की जगास मोठे बंदर आठवते, गावे आठवत नाहीत. एके काळी येथे खाडी होती, मिठागरे होती, खाऱ्या जमिनीतली भातशेती होती; आगरी लोक जमिनीवर व मिठावर आणि कोळी लोक पाण्यावर आपला चरितार्थ चालवीत. पुढे नव्या शहरासाठी व बंदरासाठी जमिनी घेण्यात आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील ह्यांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला, आणि १९८४ च्या जानेवारीत जासई व नवघर ह्या भागात झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांस उरणजवळ हनुमान कोळीवाडा ह्या नावाने वसविण्यात आले. परंतु त्या वस्तीतील घरांस वाळवीने ग्रासले, आणि तेथील लोकांची दुसऱ्या जागेसाठी चाललेली खटपट कित्येक दशके संपली नाही.

बंधूंनो, प्रभूने डोंगरावरील प्रवचनात कसर व जंग ज्यांचा नाश करितात अशा संपत्तीविषयी सावध केले आहे. घराची तुळई वाळवीने खाल्ली तर मनुष्य काय वाचवितो? ट्रंक वाचवितो, भांडी वाचवितो, पोरे वाचवितो. आणि एक वस्तू अशी आहे की ती वाचविण्यास हात लागत नाहीत, ती आपोआप बरोबर येते. ती म्हणजे त्याचे गाणे. जमिनीचा मोबदला ठरविणाऱ्या कोणत्याही कागदावर ते लिहिलेले नव्हते, म्हणून ते कोणास घेताही आले नाही.

ह्या भागातील आगरी लोकांच्या लग्नात धवलारीण नावाची स्त्री असते. ती बहुधा वयाने वडील असते. शाळेचे तोंड तिने पाहिलेले असो वा नसो, लग्नाच्या प्रत्येक विधीचे गाणे तिला मुखोद्गत असते. हळद लागते तिच्या गाण्याने, मांडव उभा राहतो तिच्या गाण्याने. कित्येक ठिकाणी लग्नविधी चालविण्याचा मान पूर्वी तिचाच होता. ही परंपरा किती जुनी असावी ह्याची कल्पना एवढ्यावरून येईल की, तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदाइसेने रचिलेले धवळे मराठीतील आद्य स्त्रीकाव्य म्हणून मानले जातात. धवळा म्हणजे लग्नाचे मंगलगीत. जे आज साहित्याच्या इतिहासात पहिल्या पानावर आहे, तेच उरण-पनवेलच्या गावांत एखाद्या अशिक्षित वृद्धेच्या ओठांवर राहिले. निर्गमाच्या पुस्तकात सूत कातणाऱ्या त्या निनावी स्त्रियांची आठवण आम्हांस येथे झाल्यावाचून राहत नाही. त्यांची नावे मोशेने लिहून ठेविली नाहीत. पण मंडपाचा पडदा त्यांच्याच सुताचा होता.

दुसरी गोष्ट. गाण्यास कुंपण नसते. ते शेजारच्या अंगणात जाते व तेथे नवा संसार थाटते. ह्याची साक्ष ह्याच किनाऱ्यावर आहे. अलिबागजवळ नवगाव येथे फार प्राचीन काळी एक गलबत फुटले, त्यांतून वाचलेल्या थोड्या कुटुंबांपासून आपली वृद्धी झाली, असे बेने इस्राएल लोक परंपरेने सांगत आले आहेत. ते कुलाब्याच्या गावांत तेलाचे घाणे चालवीत व शब्बाथ पाळीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांस शनिवार तेली म्हटले. त्यांची भाषा मराठी झाली. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा चालविल्या, डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली मराठीतून इब्री व्याकरण छापिले. पुढे १८८० च्या सुमारास मुंबईतील बेने इस्राएल गृहस्थांनी हिंदूंची कीर्तने ऐकून आपले कीर्तनमंडळ स्थापिले, आणि बायबलांतील पूर्वजांची चरित्रे मराठी पद्यांत, टाळ-पेटीच्या साथीने आपल्या लोकांस ऐकविण्यास आरंभ केला. विचार करा. कीर्तनाचा साचा वारकऱ्यांचा व हरिदासांचा, कथा तोऱ्यातली, भाषा कोकणची! ह्यांत कोणी आपला धर्म सोडला नाही आणि कोणी कोणाचा हिरावूनही घेतला नाही. शेजाऱ्याच्या घागरीने पाणी आणिले, पाणी आपल्याच विहिरीचे राहिले. १९४८ नंतर ह्यांपैकी पुष्कळ कुटुंबे इस्राएलांत गेली; तेथेही त्यांच्या मुखी मराठी राहिली.

आपल्या मंडळ्यांचा इतिहासही हेच सांगतो. फादर स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यास आले, आणि त्यांनी रचिलेले क्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले. ते त्यांनी आपल्या मायबोलीत न रचिता मराठी ओवीत रचिले, कारण ज्यांच्यासाठी ते होते त्यांच्या कानांस ओवीच ओळखीची होती. पुढे आपल्या मराठी उपासनेत पुष्कळ काळ परदेशी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते चालत. खेड्यातील स्त्रीपुरुष ती मोठ्या निष्ठेने म्हणत. परंतु तोंडाने म्हणणे वेगळे व अंतःकरणातून उमटणे वेगळे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आले, आणि येताना त्यांनी आपली कविता उंबऱ्याबाहेर ठेविली नाही. अभंग, भजन व कीर्तन त्यांनी प्रभूच्या चरणी वाहिले. ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरे केले. १९१७ साली टिळकांनी साताऱ्यास देवाचा दरबार मांडिला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांसही ख्रिस्ताच्या नावाने बसावयास जागा होती. त्यांच्या सर्व मतांशी कोणी सहमत असो वा नसो. ज्या घरांत उपदेशक जाऊ शकला नाही त्या घरांत टिळकांचे गाणे गेले, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

येथे कोणी प्रामाणिक बंधू आम्हांस अडवील व विचारील की, हे सर्व ठीक. परंतु कलेपासून मूर्तिपूजेस किती वेळ लागतो? शेजाऱ्याची चाल घेता घेता आपण आपला विश्वास तर हरवून बसणार नाही ना? ही शंका हलकी नव्हे. शास्त्रच ती उपस्थित करिते. मंडपाच्या गोष्टीच्या थोडे अगोदर, बत्तिसाव्या अध्यायात, त्याच लोकांनी आपल्या कानांतील सोन्याची कुंडले काढून अहरोनाजवळ दिली व त्यांचे वासरू झाले. आणि पस्तिसाव्या अध्यायात त्याच लोकांनी पुन्हा कुंडले आणिली व त्यांचा मंडप झाला. सोने तेच, कसब तेच, लोकही तेच. मग भेद कशात? वासरू लोकांनी भीतीच्या भरात आपल्यासाठी केले, मंडप देवाच्या आज्ञेने सर्वांसाठी केला. वासराभोवती लोक बेभान होऊन नाचले व त्या दिवशी छावणीत भावाने भावावर तलवार उपसली. मंडपाभोवती लोक आपापल्या निशाणाखाली राहूनही एका मध्यबिंदूकडे तोंड करून बसले. कलेची पारख ह्यावरून करावी.

दुसरा दाखला रानातील पितळी सर्पाचा. तो देवाच्याच आज्ञेने मोशेने केला. तरी पुढे लोक त्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. म्हणून कलाकृतीचा आदर करावा, तिची पूजा करू नये, ही आपली मर्यादा स्पष्ट आहे. परंतु मर्यादा आपल्यासाठी आहे. दुसऱ्याच्या घरावर हातोडा चालविण्यासाठी नाही. न्हाव्यासमोर समुद्रात घारापुरीचे बेट आहे. तेथील डोंगर कोरून केलेली लेणी सहाव्या शतकाच्या आसपासची मानतात, आणि १९८७ साली ती जागतिक वारशात गणली गेली. पोर्तुगिजांच्या अमलात तेथील मूर्तींची नासधूस झाली असे पूर्वापार सांगितले जाते. ख्रिस्ताचे नाव सांगणाऱ्यांच्या हातून असे घडले असेल, तर ती आपल्यासाठी मान खाली घालण्याची गोष्ट आहे. हिज्कीयाने आपल्या घरातील सर्प फोडिला, शेजाऱ्याच्या घरी तो गेला नाही. पौल अथेनै शहरात मूर्तींची गर्दी पाहून मनात कष्टी झाला. तरीही त्याने एकही मूर्ती फोडली नाही. उलट त्या लोकांच्याच कवींच्या ओळींचा आधार घेऊन तो त्यांच्याशी बोलला. पाषाणात इतकी शांती कोरणारे हात ज्या देवाने घडविले, त्या देवाची स्तुती करण्यास त्या लेण्यात कोणापुढे माथा टेकावा लागत नाही. आणि माथा टेकणाऱ्या शेजाऱ्याचा उपहासही करावा लागत नाही.

तिसरी गोष्ट आम्ही अधिक गंभीरपणे सांगू इच्छितो. कलेच्या द्वारे जोडले जाणे व कलेचा तमाशा करणे ह्यांत महदंतर आहे. एकशे सदतिसाव्या स्तोत्रात बाबेलच्या नद्यांजवळ बसलेल्या बंदिवानांचे चित्र आहे. ज्यांनी त्यांस घरादारावेगळे केले तेच त्यांस म्हणतात की, तुमच्या सियोनाचे एखादे गीत गाऊन आमची करमणूक करा. त्या लोकांनी आपल्या वीणा झाडांवर टांगून ठेविल्या. गाणे त्यांस येत नव्हते असे नाही. परंतु ज्यास आपले दुःख नको पण आपले गाणे हवे, त्याच्यापुढे गाणे कंठातून निघत नाही.

आज कोळीगीत सर्वांस प्रिय आहे. शाळेच्या संमेलनात, लग्नाच्या वरातीत, सरकारी समारंभात कोळ्यांचा वेष घालून मुले नाचतात, व पाहणारे टाळ्या वाजवितात. ह्यात वाईट काही नाही. परंतु टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी कितीजण विचारतात, की ज्याचे हे गाणे त्याची होडी आता कोठे लागते? त्याच्या खाडीत भराव पडला, मासळी कमी झाली, त्याच्या वस्तीतील घरे पोखरली गेली, ह्याची वास्तपुस्त किती जण करितात? गाणे घ्यावे आणि गाणारास दारात उभे ठेवावे, हे जोडणे नव्हे. ही वेगळ्या तऱ्हेची लूट होय. ज्याच्या गाण्यावर आपण ठेका धरितो, त्याच्या दुःखात आपला वाटा आहे, असे समजले तरच त्या गाण्याने आपणांस जोडले.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सागरी पूल खुला झाला. त्याची लांबी सुमारे २१.८ किलोमीटर असून त्यांपैकी सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर आहे. मनुष्याच्या बुद्धीचे हे मोठे कार्य आहे, आणि ती बुद्धी ज्याने दिली त्याची स्तुती असो. तथापि दुचाकीस व रिक्षास त्या पुलावर परवानगी नाही. पुलाच्या बांधणीस व वाहनांच्या वेगास धरून हा नियम असेल. त्यास आम्ही दोष देत नाही. परंतु त्यावरून एक बोध घेता येतो. मनुष्याने बांधलेल्या प्रत्येक पुलावर कोणी तरी अलीकडेच राहतो. म्हणून किनारे जोडले गेले एवढ्यावर माणसे जोडली गेली असे समजू नये. त्या कामासाठी दुसऱ्या प्रकारचा पूल पाहिजे, ज्यावर सायकलवाला व पायी चालणारा, डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली स्त्री, ह्या सर्वांस जाता येईल.

आणि अशा पुलाची गरज बंदराच्या गावांस विशेष आहे. न्हावा-शेव्यास आज देशाच्या नाना प्रांतांतून आलेले लोक राहतात. कोणी क्रेन चालवितो, कोणी ट्रेलर हाकतो, कोणी गोदामात ओझी उतरवितो. मूळ गावकऱ्यास वाटते की, आमची जमीन गेली व काम परक्यास मिळाले. परक्यास वाटते की, आम्ही घाम गाळितो तरी आम्हांस कोणी आपले म्हणत नाही. दोघांच्या म्हणण्यात सत्य आहे, म्हणूनच नुसत्या वादाने ते मिटत नाही. शलमोनाने मंदिर बांधिले तेव्हा पितळेच्या कामासाठी त्याने सोर शहराहून हीराम नावाचा कारागीर बोलाविला, असे १ राजे ७ ह्यात आहे. सोर हे बंदर होते. हीरामाची आई नफताली वंशातील विधवा, बाप सोरचा परदेशी. अशा मिश्र कुळातील, परगावच्या मनुष्याने मंदिराच्या दारातले दोन्ही स्तंभ ओतिले. यरुशलेमेतील कोणी म्हणाला असता की, हा आपल्यांतला नव्हे, तर मंदिराच्या दारी स्तंभ उभे राहिले नसते. लाकूडही समुद्रमार्गे तराफ्यांवरून याफो बंदरी आले. देवाचे घर बंदरातून आलेल्या लाकडाचे, आणि बंदरातून आलेल्या मनुष्याच्या हातचे झाले!

तर मग आमच्या ग्रामीण मंडळ्यांनी काय करावे? पैसा थोडा, माणसे थोडी, हे आम्ही जाणतो. म्हणून आम्ही अशाच गोष्टी सुचवितो की ज्यांस पैसा लागत नाही.

एक. आपल्या मंडळीत व गावात ज्या वृद्ध स्त्रिया आहेत, त्यांची ओव्या, धवळे, जात्यावरची व पाळण्याची गाणी मुलांनी त्यांच्याजवळ बसून शिकावी व वहीत उतरून घ्यावी. बसालेलास शिकविण्याची बुद्धी दिली होती हे विसरू नये. जी कला शिकविली जात नाही ती तिच्या धन्याबरोबर मातीत जाते. आणि नातवंडाने आजीस, हे गाणे मला शिकव, असे म्हटले म्हणजे त्या घरात दोन पिढ्यांमधली भिंत पडते. शेजाऱ्यांमधली भिंत पाडण्याचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.

दोन. नाताळात वा सुगीच्या सणात कीर्तन कराल तेव्हा शेजाऱ्यांस केवळ श्रोते म्हणून बोलावू नका. कामाचे भागीदार म्हणून बोलवा. मृदंग वाजविणारा गावात असेल तर त्यास साथीस बसवा. मांडव बांधणाऱ्याचा, रांगोळी काढणाऱ्या मुलींचा, जाळे विणणाऱ्या म्हाताऱ्याचा हात त्यात लागू द्या. ज्या कामास मनुष्याचा हात लागला ते काम त्यास परके वाटत नाही. त्याचप्रमाणे शेजाऱ्याच्या घरी मंगलकार्य असेल तेव्हा तुमच्या हातची मदत तेथे पोहोचू द्या. जे शब्द आपल्या विश्वासास धरून नाहीत ते आपण म्हणू नयेत, परंतु म्हणणाराचे मन दुखवू नये. समुद्राचे, पावसाचे, मायेचे, श्रमाचे गाणे सर्वांचे आहे. ते मोकळ्या कंठाने एकत्र म्हणावे.

तीन. परप्रांतातून आलेला एखादा कामगार उपासनेस आला, तर त्यास मागच्या बाकावर मुकाट्याने बसवून परत पाठवू नका. त्याच्या भाषेतील एक स्तुतिगीत त्यास गाऊ द्या. आपणांस शब्द कळणार नाहीत. पण आपण ऐकतो आहोत हे त्यास कळेल. पेन्टेकॉस्टच्या दिवशी आत्म्याने सर्वांची भाषा एक केली नाही. प्रत्येकास त्याच्या स्वतःच्या भाषेत ऐकू येईल असे केले. कलस्सैकरांस लिहिताना पौलाने स्तोत्रे व गीते ह्यांच्या योगे एकमेकांस शिकवावे असा उपदेश केला आहे. एकाने गावे व दुसऱ्याने केवळ ऐकावे, असे म्हटलेले नाही.

चार. गाण्याची चढाओढ लावू नका. एका आळीचा कर्णा मोठा, म्हणून दुसऱ्या आळीने त्याहून मोठा आणावा. एका लग्नात इतका खर्च झाला, म्हणून दुसऱ्याने कर्ज काढून तितका करावा. हे सर्व वासराभोवतीचे नाचणे होय. ज्या गाण्याने शेजारच्या घरातील आजाऱ्याची झोप उडते, ते गाणे देवाच्या कानीही गोड लागत नसावे.

पाच. आणि ज्याचे गाणे ऐकाल त्याचे गाऱ्हाणेही ऐका. अर्ज लिहून देणे, कचेरीत बरोबर जाणे, आजारपणात रात्र जागणे, हे सर्व त्या गाण्याचेच पुढले कडवे आहे असे समजा.

प्रियहो, बसालेल ह्या नावाचा अर्थ देवाच्या छायेत, आणि अहलियाब ह्या नावाचा अर्थ पिता माझा तंबू असा आहे. एकास छाया मिळाली आहे, दुसऱ्यास तंबू. ज्यांची घरे उठविली गेली, ज्यांच्या घरांस वाळवी लागली, जे पोटासाठी घर सोडून आले, त्या सर्वांस आज ह्या दोहोंचीच गरज आहे. आणि ती छाया व तो तंबू उभा करण्यासाठी देव आकाशातून कारागीर पाठवीत नाही. तो पुढे चालणाऱ्या वंशातून एकास व मागे चालणाऱ्या वंशातून एकास नाव घेऊन हाक मारितो. त्याचा पुत्र स्वतः नासरेथात सुताराचे काम करीत होता. हातांना पडलेले घट्टे त्यास अपरिचित नव्हते. त्याच हातांनी त्याने यहूदी व विदेशी ह्यांमधली आडभिंत पाडली, व त्यासाठी ते हात खिळले गेले.

ती हाक आपल्या गावी आली तर, मला गाता येते पण मी त्याच्याबरोबर गाणार नाही, मला विणता येते पण मी तिच्या शेजारी बसून विणणार नाही, असे आपल्यांपैकी कोणी न म्हणो. ज्याच्याजवळ सोने असेल त्याने सोने आणावे, ज्याच्याजवळ बकऱ्यांचे केस असतील त्याने ते आणावे. आणि आता पुरे, अशी दवंडी पुन्हा एकदा पिटावी लागेल इतके आपण आणावे, अशी सद्बुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो. आमेन.